खोटा विटाळ

३ जुलै

रेडिएशनचा शेक संपून दोन महिने झाले म्हणून आज तपासणी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयाच्या तोंडाची गाठ विरघळली, आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं. सुटले बाई एकदाची, म्हणून पर्स उचलली, तर संजना सिस्टरने पडद्यामागे बोलावलं आणि हातात कापडी थैली ठेवली. आत प्लॅस्टिकच्या गुळगुळीत नळ्या, बोटाएवढीपासून चढत्या आकाराच्या.

शेकाने आतली वाट कोरडी पडते, आवळत जाते, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. म्हणून आठवड्यातून तीनदा, जेली लावून, लहान नळीपासून सुरुवात करायची आणि थोडा वेळ आत ठेवायची. "नाही केलं तर वाट बंद होईल, उज्वलाताई. मग आम्हाला आत बघताच येणार नाही. पुन्हा काही उगवलं तर कळणार कसं?" असं ती आपली भाजी निवडता निवडता बोलावं तसं बोलत होती. मी पंधरा वर्षं एसटीत कंडक्टर आहे. दारुड्याला कॉलरला धरून दिंडोरीत उतरवलंय. आज मात्र मान वर करता आली नाही, नुसतं हं हं करत राहिले.

बाहेर कुंदनराव बाकावर बसले होते. (तोंडावर 'अहो', वहीत कुंदनराव. नवऱ्याला नावाने हाक मारायची हौस इथेच भागवते.) सिस्टरने त्यांना एवढंच सांगितलं की हिची पाळी आता कायमची गेली, रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका. त्यांनी मान हलवली. थैलीत काय आहे, ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

९ जुलै

नळी एकदाच करून पाहिली. कडी लावून, नळ सोडून, चोरी करावी तशी. आग झाली, डोळ्यांत पाणी आलं, ठेवून दिली. थैली आता स्वेटरांच्या खाली आहे. कोण जाणार तिथे पावसाळा संपेपर्यंत.

अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात. माझा जावई अजून यायचाय, लेकीला, निकिताला, पुण्यात आत्ता कुठे नोकरी लागलीय. पण दुखण्याची जागा म्हणीतलीच.

लिहूनच टाकते. मागच्या महिन्यात कुंदनराव जवळ आले होते. मी किंचाळले. खरंच किंचाळले, आतून सुरी फिरवल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून ते हॉलमध्ये झोपतात. म्हणे तिथे पंखा चांगला लागतो. हॉलचा पंखा रात्रभर कुरकुरतो, सगळ्या सिडकोला ऐकू जातो. स्पष्ट सांगा ना, किळस येते म्हणून. मला माझीच येते तिथे त्यांना काय बोलू?

१४ जुलै

ड्युटीवर हजर. नाशिक-कळवण, जुनाच रूट, जुनेच ड्रायव्हर धोंडीरामदादा. सगळ्यांनी चौकशी केली. मी म्हटलं, पोटाचं ऑपरेशन होतं.

लघवीचं एक नवीनच. लागली म्हणजे लागली, मग ती माझं ऐकत नाही. वणी येईपर्यंत दात आवळून तिकिटं फाडली. म्हणजे मशीनवर फाडली, जुनी भाषा जात नाही.

२२ जुलै

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

नांदुरी सोडली आणि कळ आली. गाडी खचाखच. उभी होते तिथेच सुटलं. खाकीवर डाग केवढा दिसतो ते मला आज कळलं. मी काय केलं, तर बाटलीचं टोपण काढून सगळं पाणी मुद्दाम अंगावर सांडलं आणि धोंडीरामदादांवर ओरडले, "ब्रेक नीट मारत जा ना, अंघोळ घातली मला!" ते बिचारे आरशात बघून म्हणाले, "म्याडम, म्या तं ब्रेकच नाय मारला." सगळी गाडी हसली. शेजारच्या सीटवरची म्हातारी तेवढी हसली नाही. "काय व्हयनं बाई तुले?" म्हणाली आणि सरकून बसली. तिला वास आला असणार.

कळवणला उतरून पॅड घेतले. नाशिकला घ्यायची सोय नाही, मेडिकलवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे ओळखतात. आणि हा कळवणचा दुकानदार पुडकं कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणतो, "मॅडम, तुम्ही आमच्या साडेअकराच्या गाडीवर ना?"

उद्यापासून ड्युटी संपेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. मुळात आडात नसलं तर पोहऱ्यात येणार कुठून!

२ ऑगस्ट

पाणी बंद करून दहा-बारा दिवस झाले. लघवी कमी झाली पण जळजळ अशी की मिरची लागावी. आणि थेंब थेंब चालूच. उलट जास्त.

आज आत्याबाईंनी पकडलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, कुसाबाई. नांदगावकडच्या खेड्यातून माझ्या आजारपणात स्वयंपाकाला आल्या त्या अजून इथेच आहेत. बाथरूमच्या कोपऱ्यात कागदात गुंडाळलेलं पॅड त्यांना दिसलं. मी कणीक मळत होते. मागून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "उज्वला, कावळा शिवला का गं?"

एका क्षणात दोन गोष्टी डोळ्यांपुढे आल्या. खरं सांगायचं तर पंचेचाळीस वर्षांची घोडी लहान पोरासारखी कपड्यांत मुतते, हे सांगायचं. पाळी म्हटलं तर प्रश्न मिटला. मी म्हटलं, "हो."

त्यांनी माझ्या हातातली परात काढून घेतली. रागावतील असं वाटलं होतं, कणकीला शिवले म्हणून. तर डोळे भरून आलेले. "आवं देवा! चालू झाली म्हंजी आत समदं जाग्यावर हाय. लय बरं झालं पोरी. बस आता बाजूला. आराम कर."

आता चार दिवस देव्हारा नाही, ओटा नाही. हॉलच्या कोपऱ्यात चटईवर बसून आयता चहा पितेय. खोटं बोलल्याचं बक्षीस म्हणायचं.

४ ऑगस्ट

आत्याबाईंच्या पोटात काही राहत नाही. रात्री जेवताना कुंदनरावांना त्यांनी हळू आवाजात सांगितलं, म्हणजे मला नीट ऐकू येईल अशा हळू आवाजात. "तिची पाळी आली रे. परवाधरनं बसली बाजूला." कुंदनरावांनी हातातला घास ताटात ठेवला. उठले, हात धुतले, गच्चीवर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

बघा! बायकोची पाळी म्हटलं तरी जेवण जात नाही यांना. बाकीचं कळलं तर काय होईल?

११ ऑगस्ट

कुंदनराव विचित्र वागतात. माझ्याकडे बघत बसतात आणि मी बघितलं की नजर काढतात. काल विचारलं, "काही त्रास होतोय का? खरं सांग." मी म्हटलं, नाही. "सिस्टरांनी सांगितलेलं लक्षात आहे ना?" मला वाटलं नळ्यांचंच विचारतात. म्हणजे थैली सापडली! कान तापले माझे. म्हटलं, "मी माझं बघते, तुम्ही त्यात पडू नका." त्यांचा चेहरा असा उतरला की जणू मी थोबाडीत मारली. थैली जागेवरच होती, नंतर बघितली.

फोनवर कुणाशी तरी बोलतात आणि मी आले की बंद करतात.

१८ ऑगस्ट

धोंडीरामदादा आज सहज म्हणाले, "म्याडम, काल रयवारी मिस्टर दिसले वो तुमचे नांदुरीत. गडाच्या पायऱ्यांकडं चालले व्हते. अनवाणी."

मला घरी सांगितलं होतं, अंबडला कंपनीत ओव्हरटाइम आहे. पंचवीस वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटं बोललेला नाही. बोललाच तर पंख्याविषयी.

देवीला नवस असेल म्हणावं, तर कसला? मी बरी झाले त्याचा असता तर मला बरोबर नेलं असतं. लपून गेले, म्हणजे मागणं मला सांगण्यासारखं नाही. काय मागितलं असेल, त्याचा विचार करत कळवण गाठलं. दोन बायकांना अर्ध्याऐवजी पूर्ण तिकीट दिलं, त्यांनी भांडून मला भानावर आणलं.

माझ्यापासून सुटका मागितली असेल तर त्यांना दोष देणार नाही. असल्या बाईबरोबर कोण राहील?

२९ ऑगस्ट

एक खोटं निस्तरायला दुसरं लागतं. परवा गौरी यायच्या. आत्याबाई आज म्हणतात, "तुझी तारीख गौरीतच येतीय का काय गं?" मी सांगू शकत होते की नाही आली. पण मग गौरींपुढे जरीच्या साडीत, सोवळ्याने, सगळ्या आळीच्या बायका असताना तासन्‌तास बसायचं आणि तिथे सुटलं तर? देवीपुढे? त्यापेक्षा चटई बरी.

आज दुपारी सांगितलं, आले बाजूला. आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आत्ताच मेल्या कावळ्याला येळ घावली!"

१ सप्टेंबर

आजच लिहिणार.

गौरीपूजन. मी कोपऱ्यातल्या चटईवर, आत्याबाई एकट्या ओट्याशी पुरणपोळ्या लाटतायत, मधे मधे कंबर धरतायत. कुंदनराव तीन दिवस कंपनीच्या कामाने पुण्याला होते, आज अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आले. दारात चप्पल काढली आणि मला चटईवर बघून तिथेच थांबले.

"पुन्हा?" आईला विचारलं.

"मंग? बाईमाणसाला म्हयन्याला येणारच की. शिवू नगं तिला, गौरीची आरती करायचीय तुला."

ते सरळ माझ्याकडे आले, चटईवर बसले आणि मनगट धरलं. "चल."

"कुठे?"

"दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता. मी फोन करून ठेवलाय. महिनाभर तुझं रक्त जातंय आणि तू मला सांगत नाहीस! त्यांनी काय सांगितलं होतं? एक दिवस थांबू नका. मी विचारलं तर म्हणतेस, तुम्ही पडू नका. मी काय मेलोय का, उज्वला? आई म्हणते पाळी. कसली पाळी? पाळी गेली ती. परत आलंय ते!" त्यांचा आवाज फाटला. "मी गडावर जाऊन आलो. म्हटलं, माझं काय न्यायचं ते ने. पण तू जगायचंच नाही असं ठरवून बसलीस तर देवी तरी काय करणार?"

एवढे दिवस हा माणूस माझं मरण एकटा घेऊन फिरत होता, आणि मी काय काय समजत होते.

म्हटलं, "रक्त नाही ते."

"मग काय आहे?"

गौरी समोर उभ्या. ओट्याशी लाटणं थांबलेलं. एक शब्द बाहेर काढायचा होता. बाळंतपणातसुद्धा एवढा जोर लावला नव्हता.

"लघवी आहे. थांबत नाही मला. बसमध्ये, घरात, कुठेही होते. पॅड त्याच्यासाठी. पाळी आलेलीच नाही. मी खोटं बोलले."

त्यांनी मनगट सोडलं. डोकं गुडघ्यांत घातलं आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं, हसतायत. झालं, संपलं, असं वाटलं. मग त्यांनी तोंड वर केलं तर पार भिजलेलं.

आत्याबाई हातात लाटणं घेऊन दारात उभ्या. "म्हंजी इटाळ न्हवताच?"

"नाही, आत्याबाई."

"दोन्ही बारीला न्हवता?"

"नाही."

मी शिव्यांची वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "मुताला कुठं इटाळ असतो गं? चार लेकरं माज्या मांडीवर मुतली, त्याच लुगड्यात चूल पेटवली मी. आन तू हितं बसून राहिली, मी सकाळधरनं कंबर मोडून घेतीय! ऊठ. पाय धू, साडी बदल. पुरण राहिलंय निम्मं." आत वळता वळता म्हणाल्या, "गौरीपुढं लबाड बोलली ते तू आन ती बघून घ्या."

मी उठले, पोळ्या लाटल्या. मधे दोनदा जाऊन आले, आत्याबाईंनी दोन्ही वेळा नुसतं "हात धू" म्हटलं. लाज कमी झाली म्हणू नये. फक्त आता ती तिघांना माहीत आहे.

४ सप्टेंबर

रक्त नव्हतं तरी कुंदनराव ऐकेनात, दवाखान्यात नेलंच. या वेळी मीच त्यांना आत या म्हटलं.

डॉक्टरीणबाईंना बोटाच्या पेराच्या पुढे तपासता आलं नाही. मी टेबलाची कड धरून कण्हले. वाट अर्धी मिटलीय. त्यांनी विचारलं, "नळ्या वापरल्या नाहीत ना?" कुंदनराव म्हणाले, "कसल्या नळ्या?" संजना सिस्टरने त्यांना सगळं सांगितलं, माझ्यासमोर, नळ्या हातात धरून. मी भिंतीकडे बघत होते. पुढच्या महिन्यातही आत बघता आलं नाही तर भूल देऊन बघावं लागेल.

लघवीत जंतू निघाले. पाणी तोडल्यामुळे लघवी कडक होते, पिशवीला आणखी चावते, मग ती आणखी पिळते. म्हणजे मी दुखण्याला खतपाणी घालत होते, पाणी न पिता! दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं, चहा कमी, लागायच्या आधीच दर दोन तासांनी जायचं. खालचे स्नायू आवळायचे-सोडायचे, गॅस अडवतो तसं. आत लावायला मलम दिलंय. जंतूंचं औषध वेगळं.

मग कुंदनरावांनी खाली बघत विचारलं, "मी जवळ गेलो तर... म्हणजे माझ्यामुळे तिला इजा... त्या दिवशी ती ओरडली. तेव्हापासून माझा धीरच होत नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता घाई करू नका, वाट मोकळी होऊ दे. पण तुमच्यामुळे आजार वाढत नाही आणि शेक काही तिच्या अंगात उरलेला नाही. हात धरायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणजे पंख्याचं खरं कारण हे होतं.

९ सप्टेंबर

नळी. सगळ्यात लहान. भरपूर जेली.

मी बेडवर, दार लोटलेलं, कुंदनराव दाराबाहेर पाटावर पाठ करून. मीच सांगितलं बसा म्हणून, आणि सांगितल्यावर जीभ चावली. ते कंपनीच्या कॅन्टीनमधली भांडणं सांगत राहिले. डाळीत पाणी कुणी घातलं, युनियनवाला काय म्हणाला. पाल्हाळ एवढं की कीर्तनकाराने लाजावं. दुखलं. मागच्यापेक्षा कमी. मधे एकदा मी "आई गं" म्हटलं तर ते गप्प झाले. मी म्हटलं, "पुढे काय झालं डाळीचं?" मग पुन्हा सुरू.

पुसताना कागदावर जरासा गुलाबी डाग. थोडं दिसेल, असं सिस्टरने सांगितलं होतं, तरीही दार उघडून त्यांना दाखवला. दाखवला! मी! त्यांनी लगेच सिस्टरला फोन लावला. एवढा चालतो म्हणाली.

२० सप्टेंबर

धोंडीरामदादांना आज सांगितलं. वणीला मला पाच मिनिटं जास्त लागतील, रोज. का, तेही अर्धवट सांगितलं, कंट्रोलरच्या खिडकीकडे बघत. ते म्हणाले, "मला शुगर हाय म्याडम, म्या तं जाऊन येतो प्रत्येक थांब्याला. तुमी तिकिटं मोजत बसता, मला वाटायचं बायांना लागतच नाय."

ब्रेकचं पण कबूल करणार होते. नाही जमलं.

८ ऑक्टोबर

आत बघता आलं. लहान अवजाराने, कळ येऊन, पण आलं. डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत होत्या. मी कुंदनरावांचा शर्ट मुठीत धरलेला, त्याचं एक बटण तुटलं. मग म्हणाल्या, "स्वच्छ आहे. कुठे काही नाही."

बाहेर आल्यावर आम्ही दोघं बाकावर बसलो. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी सगळी प्याले.

लघवी पूर्वीसारखी होईलच असं नाही, हेही सांगितलंय. कमी होईल. काही राहील.

२६ ऑक्टोबर

दिवाळीत नांदगावचे पाहुणे आले, हॉल भरून गेला, म्हणून कुंदनराव आतल्या खोलीत झोपायला आले. पाहुणे गेले तरी ते गेले नाहीत. आमच्यात अजून तसं काही नाही. हात धरून झोपतो, म्हाताऱ्यांसारखं.

आज सकाळी उजाडलं होतं, आम्ही जागे होतो. ते धोंडीरामदादांची नक्कल करायला लागले, मला हसू आवरेना, आणि सुटलं. थोडंथोडकं नाही. रात्रीचं पॅड मी नुकतंच काढलेलं. त्यांच्या पायजम्यापर्यंत गेलं.

मी उडी मारून उठले आणि चादर ओढायला लागले. "तुम्ही बाहेर जा, जा ना, मी करते," एवढंच म्हणत होते. ते गेले नाहीत. उशा उचलून खुर्चीवर ठेवल्या आणि गादी उभी करून खिडकीला लावली. आवाज ऐकून आत्याबाई दारात आल्या. "काय झालं रे?"

कुंदनराव माझ्याकडे बघत राहिले, उत्तर दिलं नाही. माझं मलाच द्यायचं होतं.

"मी ओलं केलंय, आत्याबाई."

"मंग चादर बादलीत टाक. च्या ठेवते. तुला अर्धाच."

त्या गेल्या. माझे कान तापलेले, पाय चिकट, खोलीत वास. वाटलं, आत्ता बाथरूमची कडी लावावी आणि दुपारपर्यंत बाहेर येऊ नये. कुंदनराव पायजमा बदलून आले, कपाटातून धुतलेली चादर काढली आणि झटकली. एकट्याला ती नीट घालता येत नाही, पंचवीस वर्षं बघतेय. मी दुसरं टोक धरलं.